किर्लोस्करवाडी : नाव एकाचं, वसवणारे अनेक

मंडळी, आधी एक गैरसमज दूर करू. किर्लोस्करवाडी म्हटलं की बाहेरच्या माणसाला पटकन ‘सौभद्र’ नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर आठवतात. वाडीचा त्यांच्याशी संबंध नाही. सांगली जिल्ह्यातली ही कारखान्याची वाडी उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांची. दोघांचंही जन्मगाव गुर्लहोसूर असल्यामुळे घोळ होतो, इतकंच. आडनाव आलं ते मालवण तालुक्यातल्या किर्लोस गावावरून. कोकणातल्या गावाचं आडनाव झालं आणि त्या आडनावाचं देशावर पुन्हा गाव झालं!

लक्ष्मणराव इथे काही हौसेनं आले नाहीत. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून त्यांनी कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर काढले. लोखंडानं जमीन नासते, असं शेतकरी म्हणत. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. जरा जम बसतोय तोवर नगरपालिकेनं कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितलं. त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. औंधला यमाईच्या देवळाच्या सभामंडपाचं काम त्यांनी लक्ष्मणरावांकडे सोपवलं होतं, त्यामुळे माणूस पारखलेला होता. कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपये कर्जाऊ, असा व्यवहार ठरला.

जमीन म्हणजे नुसता माळ. निवडुंग माजलेला, त्यात नाग. पाणी नाही, सावली नाही. जमेची बाजू एकच, दाराशी रेल्वे. नांगरासारखा जड माल बैलगाडीनं किती लांब नेणार? १० मार्च १९१० ही वाडीची जन्मतारीख मानतात.

आता मला खरं सांगायचंय ते रामूअण्णांबद्दल. लक्ष्मणरावांचे हे थोरले भाऊ. धाकट्याला मुंबईला चित्रकला शिकायला पाठवलं ते यांनीच पदरमोड करून. यंत्र लक्ष्मणरावांचं, पण गाव रामूअण्णांचं. निवडुंग तोडून घेणं, रस्ते आखणं, घरं उभी करणं, पाण्याची सोय, हा सगळा व्याप त्यांनी ओढला. कारखाना उभा राहिला तरी माणसं राहणार कुठे, हा प्रश्न त्यांनी सोडवला नसता, तर कुंडल रोडला एक शेड राहिली असती, वाडी झाली नसती.

सोबतची मंडळीही अजबच. हिशेब बघायला मंगेशराव रेगे. शंभूराव जांभेकर पडेल ते काम अंगावर घेणारे. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण यंत्रात असं डोकं चालायचं की इंजिनिअरनं तोंडात बोट घालावं! रात्रीच्या पहाऱ्याला तर शिक्षा भोगून आलेले कैदी. अशांच्या हाती कारखाना सोपवायला छाती लागते. शिवाय वाडीत शिवाशिव पाळायची नाही, हा नियम. १९१० च्या सुमाराला, देशावरच्या खेड्यात! मला विचाराल तर नांगरापेक्षा हे अवघड काम होतं.

पुढे स्टेशनचंही नाव बदललं, कुंडल रोड जाऊन किर्लोस्करवाडी आलं. पण ही वाडी घरोघर पोचली ती रेल्वेच्या पाटीमुळे नव्हे. १९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक काढलं, १९३० मध्ये ‘स्त्री’ आलं. ज्यांनी कधी नांगर हातात धरला नाही, अशा घरांतही पोस्टमन ‘किर्लोस्करवाडी’चा शिक्का असलेला अंक टाकू लागला.