गळ्यातलं वेटोळं

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलू या श्रवणयंत्राला साथ देणाऱ्या ‘लूप’बद्दल. हे बोलणं ज्यांच्यासाठी आहे, त्यांतले काही जण आत्ता रेडिओला अगदी चिकटून बसले असतील आणि घरातली मंडळी ‘आवाज कमी करा’ म्हणून हातवारे करत असतील. माझ्या घरी हेच चालायचं. दोन्ही कानांत ऐकण्याचं मशीन होतं, तरी टीव्हीच्या बातम्या मला सोडून सगळ्यांना ऐकू जायच्या.

मशीन असूनही असं का होतं? माइक आपल्या कानावर असतो आणि बोलणारा लांब. मधला पंखा, खुर्च्यांची सरकासरक, इतरांच्या गप्पा, हे सगळं माइक गोळा करतो आणि मोठं करून कानात ओततो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की बोलणाऱ्याचा आवाज 6 डेसिबलनं उतरतो. भोवतीचा गोंगाट मात्र आहे तिथंच राहतो. म्हणून यंत्राचा आवाज वाढवला की नुसता कलकलाट वाढतो.

लूप हे मधलं अंतरच काढून टाकतो. लूप म्हणजे तारेचं वेटोळं. ॲम्प्लिफायर त्यात बोलण्याचा विद्युतप्रवाह सोडतो, तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र बोलण्याबरोबर कमीजास्त होतं आणि श्रवणयंत्रातली टेलिकॉइल नावाची चिमुकली गुंडाळी ते पकडते. खोलीतला गोंगाट या वाटेत येतच नाही. कल्पना जुनी आहे. जोसेफ पोलियाकॉफ यांनी 1937 साली ब्रिटनमध्ये तिचं पेटंट घेतलं होतं.

मोठ्या सभागृहात ही तार जमिनीखालून फिरवतात. मला जास्त कौतुक आहे ते छोट्या लूपचं. नेकलूप माळेसारखा गळ्यात घालायचा आणि त्याची पिन फोनच्या हेडफोनच्या जागी लावायची. फोन कानाशी धरला की मशीन शिट्टी वाजवतं, ती कटकट गेली. शिवाय आवाज दोन्ही कानांत येतो, आणि एका कानानं निसटलेला शब्द दुसऱ्यानं सापडतो. साध्या नेकलूपला स्वतःचा माइक नसतो, तेव्हा बोलताना तोंड फोनकडेच ठेवा. लूपच्या काही छोट्या यंत्रांना सुटा माइक जोडता येतो. गाडीत मागं बसलेल्याच्या हातात तो दिला की मान वळवावी लागत नाही.

टीव्हीसाठी खुर्चीच्या उशीखाली ठेवायची चपटी लूप-पट्टी मिळते. बऱ्याच टीव्हींत हेडफोनची पिन घातली की स्पीकर बंद होतो आणि घरचे चिडतात, म्हणून जोडणी वेगळ्या ऑडिओ-आउटमधून घ्यावी. माझी मात्र वेगळीच फजिती झाली. मी आडवा होऊन बातम्या ऐकायला लागलो आणि निवेदिका एकदम मुकी झाली! डोकं आडवं झालं की कॉइलही आडवी होते आणि क्षेत्र नीट पकडत नाही. आडवं पडून ऐकायचं तर गळ्यातलाच लूप बरा, तो अंगाबरोबर वळतो.

काउंटरच्या काचेमागून बोलणाऱ्या माणसाचं ऐकू यावं म्हणून टेबलावर ठेवायचा लूपही असतो. कान आणि इंग्रजी ‘टी’ हे अक्षर असलेली खूण दिसली की समजावं. पाटी चकाचक आणि आतलं यंत्र चार्जच केलेलं नाही, हा अनुभवही मी घेतलाय. तिथं संकोच करू नका, चालू करायला सांगा.

कधी कानात घूं अशी गुणगुण येते. जुन्या ट्यूबलाइटचा चोक, दिव्याचा डिमर, भिंतीतली वायर यांचंही चुंबकीय क्षेत्र असतं. दोन पावलं सरकून पाहावं.

ब्लूटूथला माझा विरोध नाही, पण लूपला जोडी जुळवत बसावं लागत नाही. मशीन कोणत्याही कंपनीचं चालतं, आत टेलिकॉइल असली म्हणजे झालं. कानात पार आत बसणाऱ्या अगदी लहान यंत्रांत बहुधा ती नसते. आणि असली तरी अनेकदा बंदच असते, कारण ती चालू करा असं कुणी सांगितलेलं नसतं. ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे कान तपासून यंत्र लावून देणाऱ्या तज्ज्ञाला, विचारा: ‘माझ्या यंत्रात टेलिकॉइल आहे का? तिचा प्रोग्रॅम लावून द्याल?’ नुसत्या ‘टी’वर, म्हणजे माइक बंद आणि फक्त टेलिकॉइल चालू असताना, दारावरची बेल ऐकू येणार नाही, म्हणून घरासाठी माइक आणि कॉइल दोन्ही चालणारा ‘एमटी’ही मागून घ्या.

घरी आलात की यंत्र ‘टी’वर टाका. खोली गप्प झाली पाहिजे. मग चालू चार्जरजवळ कान न्या. गुणगुण ऐकू आली, तर कॉइल जागी आहे.