‘तपासले, ठीक’: चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून

(दृश्य: चिकलठाणा विमानतळ, भर दुपार. नुकतंच उतरलेलं विमान वळून उभं राहतंय.)

निवेदन:

संभाजीनगरच्या चिकलठाण्यात दोन ठिकाणी यंत्रांची देखभाल चालते. एक म्हणजे एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा. तिथे बस पार सांगाड्यापर्यंत खोलतात. दुसरा हा विमानतळ. इथे काही खोलायला वेळच नसतो. विमान येतं, अर्धा-पाऊण तास थांबतं आणि निघून जातं. तेवढ्यात एएमई, म्हणजे परवानाधारक अभियंता, टायर बघतो, इंजिनाच्या तोंडात डोकावतो आणि टेक लॉगची वही चाळतो. उड्डाणात वैमानिकाला जाणवलेला बिघाड त्या वहीत लिहिलेला असतो. या धंद्यात त्याला म्हणतात ‘स्नॅग’. मोठी कामं रात्री, बेसवर, म्हणजे कंपनीच्या मुख्य तळावर.

(दृश्य: बीड रस्ता, धावपट्टीच्या टोकाजवळ.)

संभाजीनगरात विमानाचा विषय निघाला की २६ एप्रिल १९९३ निघतोच. इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ उडता उडता या रस्त्यावरच्या ट्रकला धडकलं. ट्रकमध्ये कापसाच्या गाठी होत्या. विमानातल्या ११८ जणांपैकी ५५ गेले. चौकशीत बोट दाखवलं गेलं ते विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलण्याकडे, आणि रस्त्यावरची वाहतूक न रोखण्याकडे. तेव्हा आजच्या विषयात तो अपघात बसत नाही. आजचा विषय आहे दुरुस्त करूनही परत परत येणारा बिघाड.

(दृश्य: टेक लॉगचं पान, अगदी जवळून. पेनाने एक नोंद होतेय.)

स्नॅग आला की विमान थांबलंच पाहिजे, असं नसतं. एमईएल नावाची यादी असते. कुठला भाग बंद असला तरी, कुठल्या अटींवर आणि किती दिवस उडता येईल, ते तीत ठरलेलं असतं. बी वर्गातल्या दोषाला ३ दिवस, सी वर्गाला १०, डी वर्गाला १२०. यात गैर काही नाही. गडबड होते ती गोदामात सुटा भागच नसतो म्हणून यादीच्या आधारावर दिवस ढकलले जातात तेव्हा. जुलै २०२२ मध्ये डीजीसीएने, म्हणजे देशातल्या हवाई वाहतुकीच्या नियामकाने, स्पाइसजेट या विमान कंपनीला कारणे दाखवा नोटीस दिली, तिच्यात नेमकं हेच होतं: पुरवठादारांचे पैसे वेळेवर जात नाहीत, म्हणून सुटे भाग कमी पडतात, म्हणून एमईएल वारंवार वापरावी लागते. त्याच महिन्यात कंपनीची उड्डाणं आठ आठवड्यांसाठी निम्म्यावर आणली गेली.

पण यादीतला दोष निदान उघड तरी असतो. वहीत ‘दुरुस्त’ म्हणून बंद झालेला दोष जास्त फसवा.

(दृश्य: सर्किट बोर्डावरचा डाख, भिंगातून.)

२८ डिसेंबर २०१४. इंडोनेशियातल्या सुराबायाहून सिंगापूरला निघालेलं एअरएशियाचं ए३२० जावा समुद्रात कोसळलं. १६२ जण गेले. सुरुवात झाली एका सर्किट बोर्डावर. शेपटीतल्या रडरची, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या उभ्या पात्याची, हालचाल मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेचा हा बोर्ड. त्याच्या डाखाला चीर गेली होती. अशी चीर लबाड असते. कधी जुळते, कधी सुटते. वर हवा उणे पन्नास अंशांच्या खाली, खाली कडक ऊन. या गरम-गारात डाख हळूहळू थकतो. विमान खाली उतरतं, अभियंता यंत्रणा रीसेट करतो, चाचणी घेतो. सगळं ठीक! वहीत सही होते आणि विमान मोकळं.

त्या विमानात हाच दोष वर्षभरात २३ वेळा नोंदला गेला होता. शेवटच्या तीन महिन्यांत तर दोन नोंदींमधलं अंतर कमी कमी होत गेलं. दोष मुळात किरकोळ होता, तेवढ्याने विमान पडलं नसतं. पण त्या उड्डाणात इशारा चौथ्यांदा वाजला आणि सर्किट ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा खटका, खेचला गेला. जमिनीवर एका अभियंत्याला तसं करताना कॅप्टनने काही दिवसांपूर्वीच पाहिलं होतं. हवेत त्याचा परिणाम वेगळा झाला. ऑटोपायलट सुटला, विमान एका अंगावर कलंडलं आणि पुढे वैमानिकांना ते सावरता आलं नाही.

२०१८ मध्ये इंडोनेशियाच्याच लायन एअरचंही असंच. बालीत हवेच्या प्रवाहाशी विमानाचा कोन मोजणारा एक सेन्सर बदलला, पण नव्याने बसवलेला सेन्सरच २१ अंशांनी चुकलेला. त्या रात्रीच्या फेरीत वैमानिकाच्या हातातला दांडा धोक्याचा इशारा देत थरथरत राहिला, आणि ही थरथर वहीत लिहिलीच गेली नाही. जे लिहिलं होतं त्यावरून जकार्तात सफाई झाली, चाचणी झाली, ‘ठीक’ झालं. सकाळी १८९ माणसं गेली. बोइंगचं सदोष सॉफ्टवेअर हे त्या अपघाताचं मोठं कारण, ते सोडून चालणार नाही. पण वहीतली ती गाळलेली ओळही तेवढीच छळते.

(दृश्य: एसटी डेपो. चालक मेकॅनिकशी हातवारे करत बोलतोय.)

डेपोत चालक मेकॅनिकला गाठून म्हणतो, “अहो, काल दाखवलेला ब्रेक आजही ओढतोय.” विमानात ही सोय नाही. बिघाड लिहिणारा वैमानिक दुसऱ्या विमानावर जातो, सही करणारा अभियंता दुसऱ्या शहरात राहतो. बिघाड तेवढा विमानासोबत फिरतो. म्हणून या नोंदी एकत्र मांडून बघणारं कुणीतरी कंपनीत बसलेलं लागतं. डीजीसीएच्या नियमांतही अशा दोषाची वेगळी व्याख्या आहे: दुरुस्तीचा प्रयत्न करूनही त्याच विमानात पुन्हा उद्भवणारा दोष. त्याला निव्वळ रीसेट पुरत नाही, मुळाशी जावं लागतं.

(दृश्य: चिकलठाणा, चेक-इन काउंटरसमोर गर्दी.)

मुळाशी जायला वेळ लागतो. भाग मुंबईहून पुढच्या विमानाने येतो, नाहीतर रात्री गाडीने. तोवर कुणाचं पुढचं विमान चुकतं, कुणाची कोर्टाची तारीख. लोक काउंटरवरच्या पोरावर तुटून पडतात. त्याला बिचाऱ्याला ‘तांत्रिक कारण’ या दोन शब्दांपलीकडे काही सांगितलेलंच नसतं.

डीजीसीए दर महिन्याला देशांतर्गत वाहतुकीचा अहवाल प्रसिद्ध करते. रद्द झालेल्या उड्डाणांची कारणं त्यात असतात. हवामान, व्यावसायिक आणि ‘तांत्रिक’ही. एकाच विमानात तोच बिघाड कितव्यांदा आला, याचा रकाना त्यात नाही.