हिशेबाची वही मुलांच्या हाती द्या

दसरा चौकातील शाहू स्मारक भवनात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन

अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि वेळात वेळ काढून आलेल्या बंधुभगिनींनो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘सेवाभावी क्लब आणि तरुण पिढी’ असा छापला आहे. रोटरी, लायन्स, जेसीज, इनरव्हील म्हणजे काय, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या कोटावर यांपैकी कुठली ना कुठली पिन मला दिसते आहे. शाळकरी मुले, महाविद्यालयीन तरुण आणि शिक्षण सोडून कामाला लागलेली मुले, अशा तिघांसाठी आपल्या क्लबांनी काय करावे, हे मी सांगेन असे संयोजकांना कबूल केले आहे. मात्र हे निमंत्रण मी ज्या एका गोष्टीसाठी स्वीकारले, ती आधी सांगतो. आपण दर जूनमध्ये मुलांना वह्या वाटतो. माझे म्हणणे असे आहे की, मुलांच्या हाती एक वही हिशेबाची द्यावी, तिच्यासोबत थोडे का होईना पैसे द्यावेत, आणि काय करायचे ते त्यांना ठरवू द्यावे.

वह्यावाटपाविषयी मी बोलतो ते मी स्वतः त्या रांगेत उभा राहिलेला मुलगा आहे म्हणून. मी सहावीत असताना शहरातल्या एका क्लबाची मंडळी आमच्या गावच्या शाळेत आली होती. त्यांनी दिलेल्या सहा वह्या मी शेवटच्या पानापर्यंत वापरल्या, मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूलासुद्धा गणिते केली, आणि त्या मंडळींचे ऋण मी आजही मानतो. तरीही त्या दिवशीचे जे लक्षात राहिले ते वेगळेच आहे. पाहुणे दोन तास उशिरा आले, तोवर आम्ही पटांगणात उन्हात रांगेने उभे होतो. आणि फोटो नीट आला नाही म्हणून माझ्या हातातल्या वह्या परत घेऊन मला पुन्हा दिल्या गेल्या. मला कोणता विषय जड जातो, घरी अभ्यासाला दिवा आहे का, शाळेत पिण्याचे पाणी कुठून येते, यांपैकी एकही प्रश्न आम्हा मुलांना कोणी विचारला नाही. विचारला असता तर आम्ही पटकन सांगितले असते, कारण पाण्याची टाकी गळत होती आणि दुपारनंतर शाळेत पाणी नसायचे. सहा वह्यांपेक्षा त्या टाकीची दुरुस्ती आम्हाला अधिक हवी होती.

ही गोष्ट कोल्हापुरात पटवून देणे मला अवघड वाटत नाही, कारण या सभागृहाच्या दारातून बाहेर पडले की, तिचा पुरावाच समोर उभा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढून पाहिले, आणि त्याचा लाभ प्रत्यक्षात एकाच समाजापुरता मर्यादित राहतो आहे, हे ध्यानात आल्यावर त्यांनी वाट बदलली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत अशी बोर्डिंगे उभी राहिली, आणि कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणू लागले. महाराजांनी जागा दिल्या, इमारतींना मदत केली, उत्पन्ने लावून दिली. माझ्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट ही की, कारभार त्यांनी त्या त्या समाजातल्या माणसांवर सोपवला. ज्यांना कधी संस्था चालवू दिली नव्हती, ती माणसे सभा घेऊ लागली, देणग्या जमवू लागली, जमाखर्च लिहू लागली. कर्मवीर भाऊराव पाटलांचे विद्यार्थिदशेतील दिवस याच कोल्हापुरात, जैन बोर्डिंगात गेले, आणि पुढे त्यांनी ‘कमवा आणि शिका’ म्हणत मुलांच्या हाताला काम देणारी संस्था उभी केली. हा धागा आपल्या घरचा आहे. शिकागोत पॉल हॅरिस यांनी १९०५ मध्ये रोटरी स्थापन केली, तेव्हा आपल्याकडच्या बोर्डिंगांतली पहिली मुले शिकत होती.

आता ती वहीची गोष्ट.

ऑगस्ट २०१९ चे ते दिवस आपण सर्वांनी पाहिले आहेत. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे कोल्हापुरातल्या मुलांनाही पाठ असतात. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्याने पुणे-बेंगळुरू वाहतूक कित्येक दिवस बंद पडली, आणि उपसा केंद्रे बुडाल्यामुळे चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या शहराला प्यायचे पाणी मात्र टँकरने पुरवावे लागले. सुतारवाड्यातील कुटुंबांना दरवर्षीप्रमाणे सर्वांत आधी घर सोडावे लागले होते. अशाच एका निवारा केंद्रात आमच्या क्लबाचे आम्ही सहा-सात जण जेवणाची तीनशे पाकिटे घेऊन गेलो. चपात्या, बटाट्याची भाजी आणि चटणी असे ते जेवण आमच्याच सदस्यांच्या घरी पहाटेपासून खपून केलेले होते.

आत गेल्यावर पाहिले, तर एका कोपऱ्यात कमरेइतका पाकिटांचा ढीग आधीच लागलेला होता आणि खालची पाकिटे आंबू लागली होती. कोल्हापूरकर कोणाला उपाशी ठेवत नाही, हे खरे आहे, आणि त्या आठवड्यात ते जरा जास्तच खरे ठरले. दाराशी बाकावर नववीतली एक मुलगी लांब, लाल कापडी बांधणीची वही उघडून बसली होती. किराणा दुकानात उधारीसाठी असते ना, तशी वही. आमच्यातील एका ज्येष्ठ सदस्यांनी वाटपाचा फोटो घेण्यासाठी सर्वांना एका बाजूला उभे राहायला सांगितले, तेव्हा ती उठली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, “काका, आधी इथं सही करा की. काय आणलंय आणि किती, ते लिहून. आणि जेवण लई झालंय. पलीकडच्या शाळेत काल रात्रीपासून कमी पडतंय, तिकडं न्या.”

मी ती वही मागून घेतली आणि उभ्या उभ्या वाचली. डाव्या पानावर कुटुंबप्रमुखाचे नाव, माणसे किती, लहान मूल आहे का, औषध कोणते चालू आहे. उजव्या पानावर काय हवे, काय मिळाले, कोणी दिले आणि देणाऱ्याची सही. एका ओळीत एका आजींच्या नावापुढे इन्सुलिन लिहिले होते आणि त्याखाली पेन्सिलीने ‘बर्फ सकाळ-संध्याकाळ’ अशी नोंद होती, कारण वीज नव्हती आणि इन्सुलिन थर्मासमध्ये बर्फावर ठेवले होते. बर्फ कोणी आणायचा, त्या मुलांची नावे वारांप्रमाणे लावलेली होती. शेवटच्या पानावर ‘आत्ता हवे’ असे शीर्षक देऊन सॅनिटरी पॅड, सुकी अंतर्वस्त्रे, डासांच्या अगरबत्त्या, दोन वर्षांच्या मुलाच्या चपला आणि मोबाइल चार्ज करण्याची सोय, इतकेच लिहिले होते. चपात्या त्या यादीत नव्हत्या. आम्ही सही केली, पाकिटे पलीकडच्या शाळेत पोहोचवली, आणि ती यादी घेऊन शाहूपुरीतून राजारामपुरीपर्यंत उघडे दुकान शोधत हिंडलो.

ही मुलगी आमच्याच शाळेच्या इंटरॅक्ट क्लबाची, म्हणजे रोटरीच्या शाळकरी मुलांसाठीच्या क्लबाची, खजिनदार होती. ती वही चालवायला कशी शिकली, हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. आदल्या वर्षी इंटरॅक्टच्या मुलांनी घरोघर रद्दी गोळा करून विकायची आणि त्या पैशांतून वर्षाचा प्रकल्प करायचा, असे ठरवले होते. पैसे कोणाकडे ठेवायचे, यावर आमच्या क्लबाच्या सभेत दोन तास वाद झाला. मुले लहान आहेत, हिशेब चुकला तर पालक आपल्याला विचारतील, म्हणून पैसे आपल्या खजिनदारांकडे असावेत, असे बहुतेकांचे मत होते. शेवटी एका वर्षापुरते करून पाहू, एवढ्यावर सभा मिटली. पहिल्या तिमाहीत मुलांच्या हिशेबात १४० रुपये कमी भरले. मी त्यांचा मार्गदर्शक शिक्षक. खिशातून घालून विषय संपवावा, असे मला क्षणभर वाटले, पण मी गप्प राहिलो. मुले तीन दिवस मधल्या सुट्टीत बसून पावत्या जुळवत होती. तिसऱ्या दिवशी उलगडा झाला, की रद्दीच्या दुकानापर्यंत केलेल्या रिक्षाचे भाडे दोन वेळा दिले होते आणि लिहिले एकदाही नव्हते. त्या दिवसापासून ‘आधी लिहायचं, मग द्यायचं’ असा नियम त्यांनी स्वतःच केला. पुरात आमच्या ज्येष्ठ सदस्यांना “आधी सही करा” असे सांगणारी मुलगी त्या १४० रुपयांतून तयार झाली होती.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत. कबूल केलेले तीन मुद्दे आता थोडक्यात मांडतो.

पहिला मुद्दा शाळकरी मुलांचा. रोटरीचा पहिला इंटरॅक्ट क्लब ५ नोव्हेंबर १९६२ रोजी अमेरिकेत फ्लोरिडातील मेलबर्न हायस्कूलमध्ये निघाला; त्यानंतर अवघ्या तेरा दिवसांनी आपले शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. त्या पहिल्या क्लबात २३ सदस्य होते आणि सगळे मुलगे होते. आज आपल्या शाळांत या क्लबांची धुरा बहुधा मुलींच्या खांद्यावर दिसते, याचा मला मनापासून आनंद वाटतो. १२ ते १८ वयाच्या या मुलांनी वर्षाला किमान दोन प्रकल्प करावेत, एक शाळेसाठी किंवा गावासाठी आणि दुसरा अन्य देशांशी सामंजस्य वाढवणारा, अशी अपेक्षा आहे. अडचण अशी की, प्रकल्प कोणता, हे बहुतेक वेळा आपण पदग्रहण सोहळ्याआधीच ठरवून टाकतो आणि मुले फलक धरून उभी राहतात. विषय मुलांनी निवडावा, सभेचे इतिवृत्त मुलांनी लिहावे, आणि मोठ्यांनी विचारल्याखेरीज बोलू नये. लायन्सच्या लिओ क्लबांना, म्हणजे त्यांच्या मुलांसाठीच्या क्लबांनाही, मी हेच सांगेन.

दुसरा मुद्दा महाविद्यालयीन तरुणांचा. रोटरॅक्ट, म्हणजे रोटरीचे तरुणांसाठीचे क्लब, १९६८ मध्ये सुरू झाले. बराच काळ त्याला तिशीची मर्यादा होती, ती २०२० मध्ये काढून टाकण्यात आली, आणि आज रोटरॅक्ट हा सदस्यत्वाचाच एक प्रकार मानला जातो. कागदावर झालेला हा बदल आपल्या बैठकांत अजून उतरलेला नाही. रोटरॅक्टचा अध्यक्ष आजही खुर्च्या मांडायला लवकर बोलावला जातो. महाविद्यालयांत १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे, तिची शिबिरे खेड्यापाड्यांत वर्षानुवर्षे होत आली आहेत. त्यामुळे क्लबांनी तेच श्रमदान पुन्हा करण्यापेक्षा आपल्यापाशी जे आहे ते द्यावे. मुळात रोटरीत एका व्यवसायाचा एकच सदस्य घेण्याची पद्धत होती, म्हणजे वेगवेगळे धंदे जाणणारी माणसे एका टेबलावर बसावीत, हा त्यातला हेतू होता. आपल्या क्लबांत फौंड्रीवाले आहेत, सनदी लेखापाल आहेत, डॉक्टर आहेत, गुळाचे व्यापारी आहेत. एखाद्या विद्यार्थ्याला शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात तीन महिने बसवून साच्याचा खर्च कसा काढतात, हे शिकवणे आपल्याला सहज शक्य आहे. एक दिवसाची कारखाना-भेट आणि नाश्ता यांतून ते साधत नाही. ‘रायला’ची, म्हणजे रोटरीची तरुणांसाठीची निवासी नेतृत्व-शिबिरे चांगली असतात, मी ती जवळून पाहिली आहेत; मात्र शिबिराहून परतलेल्या मुलाला सोमवारी कोणते काम द्यायचे, हे आधीच ठरलेले असले पाहिजे.

तिसरा मुद्दा मला सर्वांत जवळचा आहे आणि त्याला वेळ सर्वांत कमी उरला आहे. दहावीनंतर शाळा सुटलेली, आयटीआय करणारी, औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारी मुले आपल्या एकाही क्लबात नाहीत. ती मुले तालमींत आहेत. पाटाकडील असो, दिलबहार असो, शिवाजी पेठेतल्या आणि मंगळवार पेठेतल्या तालमी असोत, शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना असला की, ती मुले कशी शिस्तीने आणि जिवाभावाने एकत्र येतात, ते आपण दरवर्षी पाहतो. लायन्सचा पहिला लिओ क्लब १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील ॲबिंग्टन हायस्कूलमध्ये उभा राहिला, तो तिथल्या बेसबॉल प्रशिक्षकाच्या, जिम ग्रेव्हर यांच्या पुढाकाराने. मैदानावरच्या मुलांकडून सेवेचे काम होऊ शकते, हे त्यांनी ओळखले. आपल्याकडे वस्ताद आहेत, प्रशिक्षक आहेत, तालमीच्या इमारती आहेत, आणि पुरात सर्वांत आधी पाण्यात उतरणारी मुलेही तीच आहेत. रोटरॅक्ट क्लब महाविद्यालयाशीच जोडलेला असावा, असा नियम नाही. तो गावाचा किंवा पेठेचाही असू शकतो. तेव्हा एखाद्या तालमीत जाऊन वस्तादांना भेटा, मराठीत अर्ज भरा, सभा मराठीत घ्या, वर्गणी त्या मुलांना झेपेल एवढी ठेवा आणि सभेची वेळ पाळी सुटल्यानंतरची ठरवा. कोट-टायचा आग्रह सोडला तर ही मुले येतील, अशी माझी खात्री आहे, कारण मी दोन तालमींत बोलून आलो आहे आणि दोन्हीकडे पहिला प्रश्न “पैसे कोणाकडे असणार?” हाच होता.

त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार मला एकट्याला नाही, तो आपल्या संचालक मंडळांना आहे. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि रोटरी-लायन्सचे वर्ष १ जुलैला सुरू होते. मधल्या पंधरा दिवसांत मंडळाची एक सभा होतेच. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर इंटरॅक्ट, लिओ आणि तालमीचा नवा क्लब यांच्या स्वतंत्र निधीचा विषय घ्यावा, रक्कम ठरवावी आणि लाल वही त्याच आठवड्यात पापाच्या तिकटीवरून विकत आणावी.