चार इंचांचा हिशोब

(जुन्या गाड्या जपणाऱ्या मंडळींसमोर डेक्कनवरच्या एका छोट्या सभागृहात झालेलं व्याख्यान. छापताना पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

नमस्कार मंडळी.

समोर टेबलावर तीन वस्तू ठेवल्या आहेत. एक पोलादी टेप, एक गवंड्याचा ओळंबा आणि पंधरा-सोळा फुटांची पारदर्शक प्लास्टिकची नळी. ओळंबा पितळी आहे, मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मिळाला. आजचा सगळा विषय या तीन वस्तूंत मावतो. जुनी पिकअप खाली केलेली असेल, म्हणजे तिची उंची मुद्दाम कमी केलेली असेल, तर ती नेमकी किती खाली केली आहे, हे कसं मोजायचं?

प्रश्न सोपा वाटतो. मलाही वाटत होता. मग हडपसरच्या एका शेडमध्ये उभी असलेली पिकअप बघायला गेलो. शेवरोलेची 3100, पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीची, अर्ध्या टनाची. ही जात 1947 ते 1955 या काळात निघाली. पुढेमागे दोन्हीकडे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, पुढचा ॲक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आडवा दांडा) सरळ आय-बीमचा, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 116 इंच. आपल्याकडे जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना मुंबईत शिवडीला होता, 1928 पासून 1954 पर्यंत. त्यामुळे या काळातल्या शेवरोले आपल्या भागात अगदीच परक्या नाहीत. या गाडीच्या मालकाचे आजोबा तिच्यातून सासवडहून भाजी आणायचे. नातवाला गाडी पुन्हा कंपनीने दिली तशी करायची आहे, आणि त्याला एवढंच माहीत होतं की मधल्या काळात कुणीतरी ती ‘चार इंच खाली केली’.

त्या दुपारी आम्ही तिघांनी मागची बाजू मोजली. एकाने जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली. दुसऱ्याने चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत. मी गाडीखाली जाऊन ॲक्सलपासून चॅसीपर्यंत, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत, मोजलं. तसल्याच एका न छेडलेल्या गाडीची मापं माझ्या वहीत होती. तिच्याशी ताडून पाहिलं तर फरकाचे आकडे तीन वेगळे आले. टेप तिघांचीही बरोबर होती. तिघांनी मोजलेली गोष्ट वेगवेगळी होती.

गाडी किती खाली आहे, हा एक प्रश्न. गाडी किती खाली केली आहे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर जमीन देते. दुसऱ्याचं उत्तर गाडीच्या अंगावरच शोधावं लागतं. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले, की मग ‘चार इंच’, ‘सहा इंच’ असे आकडे तोंडी फिरत राहतात, आणि गाडी विकत घेणारा त्या आकड्यांवर पैसे मोजतो.

जमिनीपासून मडगार्डपर्यंतच्या मापात टायर येतं. 235/75 आर 15 हे टायर घ्या. त्याचा व्यास साधारण 733 मिलिमीटर. त्याच्या जागी 215/70 आर 15 घातलं तर व्यास 682. फरक 51 मिलिमीटर, म्हणजे दोन इंच. चाकाचा मध्य त्याच्या निम्म्याने खाली येतो, म्हणजे एक इंच. पाट्याला पाना न लावता, एक बोल्ट न सोडवता गाडी एक इंच खाली गेली. टायरमध्ये हवा कमी असेल तर आणखी. म्हणून मी कागदावरचा व्यास धरत नाही. गाडी स्वतःच्या वजनाने उभी असताना चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंत सरळ ओळंबा सोडतो. टायर खालून जेवढं चपटं होतं तेवढं त्या मापात आपोआप येतं.

मग मडगार्ड. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं की टायर हिशोबातून जातं, आणि बहुतेक लोक इथे थांबतात. नव्या गाडीला ते चालेल. सत्तर वर्षांच्या गाडीचं मडगार्ड किती वेळा ठोकलं, किती वेळा पुट्टी भरून कडा नव्याने घडवली, केबिनखालचे रबर कधी बदलले, कोण सांगणार? मडगार्ड हे कातडं आहे. मोजायचं ते हाडापासून, म्हणजे चॅसीपासून. मागच्या ॲक्सलच्या नळीचा मध्य आणि त्याच्या बरोबर वर चॅसीची खालची कड, हे माप मी खरं मानतो.

आता मोजायची पद्धत. शेडमधली फरशी शहाबादी होती आणि घालतानाच तिला पाणी वाहून जाण्यासाठी ढाळ दिलेला होता. शंभरात एक ढाळ असला तरी 116 इंचांत सव्वा इंचाच्या आसपास फरक पडतो. गाडी पुढून-मागून किती कललेली आहे हे बघताना हा सव्वा इंच जमिनीचा असून गाडीच्या नावावर चढतो. एका चाकाखाली खळगा असेल तर ते आणखी वाईट. गाडीला पीळ बसतो आणि चारही कोपरे चार वेगळी मापं देतात. म्हणून ही नळी. गवंडी जोत्याची पातळी बघतात तसंच करायचं. नळीत पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका, आणि चारही चाकांपाशी पाण्याची रेघ खडूने नोंदवा. कमी पडेल तिथे चाकाखाली पत्र्याचे तुकडे सरकवा. लेझरची यंत्रं आहेत, छान आहेत. पण पाण्याची पातळी चुकत नाही आणि तिला सेल लागत नाही.

हौदा रिकामा करा. त्या पिकअपच्या हौद्यात गाडीचेच जुने सुटे भाग पडलेले होते, ते उतरवायलाच अर्धा तास गेला. चारही टायरांत हवा भरा. जॅकवरून गाडी नुकती उतरवली असेल तर ती आठ-दहा फूट पुढेमागे ढकला, म्हणजे चाकं अवघडलेली असतील ती मोकळी होतात.

आता जे सांगतो ते गॅरेजमध्येही सहसा कुणी करत नाही. पाट्याच्या गाडीत एकावर एक पट्ट्या असतात आणि त्यांचं आपसांत घर्षण असतं. हौद्याच्या कडेवर दोघांनी भार देऊन गाडी दाबा आणि हळूच सोडा. ती वर येते, पण पूर्ण येत नाही, घर्षण तिला अडवतं. ते माप लिहा. मग हौदा उचलून धरा आणि हळूच सोडा. आता ती खाली येते, पण पूर्ण खाली येत नाही. तेही लिहा. दोन्हींचा मध्य, ती गाडीची खरी उंची. त्या शेवरोलेच्या पाट्यांत गंज होता, ग्रीस नावालाही नव्हतं. दोन मापांत पाच सूत फरक आला! इंचात आठ सूत, हे इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. सुतार आणि फिटर अजून सुतातच बोलतात. पाच सूत म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त. गाडी तीच, जागा तीच, टेप तीच. बोलताना मीही सूत म्हणतो, वहीत मात्र मिलिमीटर लिहितो. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरच्या किंचित वर.

आणि चारही कोपरे मोजा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, कित्येक वर्षं एकटाच बसतो. त्या गाडीची उजवी बाजू डावीपेक्षा तीन सूत खाली होती. ते कुणी ‘केलेलं’ नव्हतं.

तर आता त्या चार इंचांकडे येऊ. न छेडलेल्या गाडीशी ताडून पाहता मागे जमिनीपासून चॅसीपर्यंतचा फरक खरोखरच चार इंच भरला. म्हणजे सांगणारा खोटं बोलत नव्हता. त्यातला चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचा फरक सव्वा इंच. ते टायरचं काम. उरले पावणेतीन इंच, ॲक्सल आणि चॅसीच्या मधले. मी पुन्हा खाली गेलो, तारेच्या ब्रशने चिखल आणि ग्रीसचा थर काढला, तर पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये लोखंडी ठोकळा दिसला. यू-बोल्ट मूळच्यापेक्षा लांब होते, आटे बरेच बाहेर आलेले. ठोकळ्याला कॅलिपर लावला. बरोबर दोन इंच. दोन्ही बाजूंना तेवढाच. मग राहिले सहा सूत. शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी कडी, मूळच्याच लांबीची, पट्ट्यांची संख्या बरोबर, डोळा, म्हणजे पाट्याच्या टोकाची गुंडाळी, उलटा केलेला नाही. ते सहा सूत पाट्यांची कमान सत्तर वर्षांत सैल पडल्याचे.

म्हणजे खाली केली ती दोन इंच. बाकीचे दोन इंच काही टायरने घेतले, काही वयाने. मालकाला हे महत्त्वाचं होतं, कारण तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. ठोकळा काढायचा आणि योग्य लांबीचे यू-बोल्ट घालायचे. टायर मूळ मापाचं घ्यायचं. पाटे भोसरीला नेऊन कमान परत द्यायची. चार इंचांचा एकच इलाज करायला गेला असता, तर पाट्यांना वाजवीपेक्षा जास्त कमान देऊन ठोकळा तसाच ठेवला गेला असता. असं मी पाहिलं आहे. एका गॅरेजमध्ये माझ्याच जीपचं तसं झालं होतं, आणि पहिल्याच पावसाळ्यात कात्रजच्या घाटात मुख्य पाटा डोळ्यापाशी तुटला.

दुसऱ्या तऱ्हाही असतात, त्या थोडक्यात सांगतो. मागचा ॲक्सल पाट्याच्या खालून काढून वर बसवतात, तेव्हा गाडी ॲक्सलच्या नळीची जाडी आणि पाट्यांच्या थराची जाडी मिळून जेवढी होते साधारण तेवढी खाली येते. शॅकलची लांबी बदलली तर पाट्याचं एकच टोक हलतं, त्यामुळे ॲक्सलपाशी निम्माच फरक पडतो. दोन इंचांच्या बदलाला एक इंच. शेवरोलेच्या नंतरच्या सी-10 पिकअपला 1963 पासून पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग आली. तिथे स्टब ॲक्सलच, म्हणजे ज्या खुंटावर चाक फिरतं तोच, बदलून चाक वर नेतात. तेव्हा चाक धरणारे आर्म तिरके होत नाहीत, म्हणून नुसत्या नजरेला काही कळत नाही, मोजावंच लागतं. फोर्डच्या एफ-100 पिकअपला 1965 पासून पुढच्या बाजूला दोन आय-बीम आले. ती नुसत्या स्प्रिंगा कापून खाली केली तर चाकं वरून आत झुकतात.

अमेरिकेतली मंडळी ‘चार-सहा’ असं बोलतात, म्हणजे पुढे चार इंच आणि मागे सहा. मागे जास्त का? पिकअप मुळात रिकामी असताना मागून उंच असते. हौद्यात माल पडला की ती समतल यावी, म्हणून ती तशी बनवलेली असते. त्यामुळे रिकामी पिकअप सरळ रेषेत दिसली, तर ती मागून जास्त उतरलेली आहे हे ओळखा.

मोजमाप आणि कायदा यांचं नातंही त्यांच्याकडे जुनं आहे. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेत 24008 क्रमांकाचं कलम आहे. मूळ रचनेत बदल करून गाडीचा कुठलाही भाग, चाकं सोडून, रिमच्या सर्वांत खालच्या बिंदूपेक्षा जमिनीजवळ आणता येत नाही. रस्ता समतल असावा, हेही त्यात लिहिलेलं आहे. शब्द नीट बघा. समतल जमीन, मूळ रचना आणि एक ठरलेला बिंदू. मी मघापासून जे तीन मुद्दे बोलतोय तेच आहेत.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. आणि ज्यांना पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतली नोंदणी हवी आहे, त्यांच्यासाठी 2021 चे नियम आहेत. गाडी मूळ रूपात हवी आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. दोन इंचांचा ठोकळा एका दुपारी काढता येतो. पण खूप खाली केलेल्या गाडीत ॲक्सल चॅसीवर आदळू नये म्हणून चॅसीलाच खालच्या कडेने अर्धचंद्राकृती खाच कापतात. ती परत भरता येते, पण ती चॅसी मूळची राहत नाही. म्हणून जुनी पिकअप विकत घेताना मी सगळ्यात आधी मागच्या ॲक्सलच्या वर टॉर्च मारतो.

जाता जाता पुण्याच्या रस्त्यांबद्दल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या मार्गदर्शिकेत गतिरोधकाची उंची दहा सेंटिमीटर दिली होती, म्हणजे जवळपास चार इंच, आणि रुंदी 3.7 मीटर. आपल्या गल्ल्यांतले कित्येक त्याहून उंच आणि उभट आहेत, हे तुम्ही रोज अनुभवता. गाडी खाली केल्यावर डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मधला, गोळा घासेल, अशी लोकांना भीती असते. सरळ ॲक्सलच्या गाडीत ठोकळ्याने तो गोळा एक सूतही खाली येत नाही, कारण तो चाकाबरोबर जातो. तो खाली येतो फक्त लहान टायरने. ठोकळ्याने खाली येतात चॅसी, सायलेन्सर आणि पायरी, आणि बंप स्टॉपपर्यंतची, म्हणजे ॲक्सल चॅसीवर आदळू नये म्हणून लावलेल्या रबरापर्यंतची, जागा दोन इंचांनी आटते. घासतंय काय, हे कळलं की गाडीला काय केलंय तेही अर्धं कळतं.

ती शेवरोले मालकाने आज आणली आहे, बाहेर पटांगणात उभी आहे. ठोकळे गेल्या आठवड्यात काढले, पाटे अजून तसेच आहेत. म्हणजे टायर आणि वय मिळून दोन इंच बाकी निघायला हवेत. सुतासुतापर्यंत निघतात का, ते अजून कुणी मोजलेलं नाही. नळीत पाणी भरायला एक जण या, हौदा दाबायला दोघं. उजव्या मागच्या चाकापासून सुरुवात करू.