तारखेवर उघडलेली दुकाने : टार्गेट कॅनडात का टिकले नाही

(कोल्हापुरात व्यापारी आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, टार्गेट या अमेरिकेतील बड्या किरकोळ विक्री कंपनीने १५ जानेवारी २०१५ रोजी कॅनडातील आपली सगळी, म्हणजे १३३ दुकाने बंद करत असल्याचे जाहीर केले. पहिले दुकान उघडून तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. सुमारे १७,६०० माणसांच्या नोकऱ्या गेल्या आणि मूळ कंपनीने या एका निर्णयापोटी ५४० कोटी डॉलरचा बोजा आपल्या हिशेबात धरला. समोर बसलेल्या अनेकांच्या मनात बेळगाव, हुबळी किंवा गोव्यात शाखा काढण्याचा विचार आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच शेजारच्या मुलखात एवढी अनुभवी कंपनी कशी फसली, हे आज आपण तपशिलात पाहणार आहोत.

या अपयशाचे मूळ पुष्कळ जण गिऱ्हाइकाच्या आवडीनिवडीत शोधतात. माझ्या मते ते दुकाने उघडण्याच्या तारखांमध्ये आहे. जानेवारी २०११ मध्ये टार्गेटने झेलर्स या जुन्या कॅनेडियन साखळीच्या २२० पर्यंत दुकानांचे भाडेपट्ट्याचे हक्क १८२ कोटी ५० लाख कॅनेडियन डॉलर देऊन घेतले. आपल्या बाजारात याला पागडी मोजणे म्हणतात. जागा मालकीच्या झाल्या नाहीत, चालता धंदा हाती आला नाही आणि झेलर्सने गाळे रिकामे केले की भाडे मात्र अंगावर येणार होते. बंद गाळ्याचे भाडे भरणे कोणत्याही व्यापाऱ्याला सोसवत नाही, आणि इथे तर असे शंभरावर गाळे होते. त्यामुळे मार्च २०१३ मध्ये ओंटारिओ प्रांतात पहिली दुकाने उघडली आणि त्याच वर्षात त्यांची संख्या १२४ वर गेली. नव्या देशात, नव्या माणसांना हाताशी धरून आणि नव्या गोदामांच्या भरवशावर पहिल्याच वर्षी एवढा पसारा मांडणे हे धाडस होते, आणि त्या धाडसाला तालीम करायला सवडच ठेवलेली नव्हती.

वॉलमार्टही १९९४ मध्ये अशाच मार्गाने कॅनडात गेले होते. त्यांनी वूल्को या साखळीची १२२ दुकाने घेतली, पण त्याबरोबर तिथे काम करणारी माणसेही घेतली. कोणत्या गावात कोणता माल कधी उठतो, हे ज्ञान वहीत नसते, ते काउंटरवर उभ्या राहणाऱ्या माणसाकडे असते. टार्गेटने झेलर्सच्या कर्मचाऱ्यांना तसे सामावून घेतले नाही, त्यांना नव्याने अर्ज करायला सांगितले. पैसा जागेला मोजला आणि त्या जागेची माहिती असलेली माणसे दाराबाहेर राहिली, हे मला या व्यवहारातले सर्वांत महागडे पाऊल वाटते.

आता गोदामाकडे वळू, कारण खरी पडझड तिथे झाली. टार्गेटची अमेरिकेतील संगणक व्यवस्था त्यांनी स्वतः वर्षानुवर्षे घडवलेली होती, पण कॅनडाचे चलन आणि फ्रेंच अक्षरे सांभाळण्यासाठी ती बनलेली नव्हती. म्हणून कॅनडासाठी सॅप ही बाजारात तयार मिळणारी, मालाचा हिशेब ठेवणारी संगणक प्रणाली घेतली गेली. प्रणाली चांगली होती, पण तिच्यात प्रत्येक वस्तूची माहिती कोणीतरी हाताने भरायची होती: लांबी, रुंदी, उंची, एका खोक्यात किती नग, कोणत्या शुल्कवर्गात माल मोडतो. हे काम बरेचसे नवख्या मुलांनी तारखेच्या दडपणाखाली केले. कुठे इंचांचे आकडे सेंटिमीटरच्या रकान्यात गेले, कुठे रुंदीच्या जागी उंची पडली, कुठे शुल्काचा संकेतांक कोराच राहिला. अमेरिकेत अशी माहिती ९८–९९ टक्के बरोबर असे. कॅनडात ती जेमतेम ३० टक्के बरोबर होती, असे तिथे काम केलेल्या लोकांनी पुढे सांगितले.

चुकीच्या एका आकड्याने काय होते, हे नीट समजून घ्यायला हवे. ट्रकमध्ये किती खोकी मावतील, गोदामाच्या कप्प्यात किती बसतील आणि दुकानातल्या फळीवर किती नग उभे राहतील, हे सगळे संगणक त्या लांबी-रुंदीवरून ठरवतो. आकडा चुकला की ट्रक अर्धा रिकामा येतो किंवा येणारा माल ठरलेल्या जागेत मावत नाही. तो बाजूला काढून हाताने मोजावा लागतो, तेवढ्यात मागचे ट्रक दाराशी येऊन थांबतात. टार्गेटने कॅनडात तीन मोठी वितरण गोदामे बांधली होती. ती मालाने तुडुंब भरली, आणि त्याच आठवड्यात दुकानांतल्या फळ्या रिकाम्या होत्या. माल विकत घेतलेला आहे, त्याचे पैसे अडकलेले आहेत आणि गिऱ्हाईक मात्र हात हलवत परत जात आहे, यापेक्षा वाईट अवस्था किरकोळ व्यापारात नाही.

त्यातच एक असा प्रकार घडला जो प्रत्येक मालकाने लक्षात ठेवावा. संपत आलेला माल आपोआप पुन्हा मागवण्याची सोय त्या प्रणालीत होती, आणि ती एखाद्या वस्तूपुरती बंदही करता येत असे. बंद केलेल्या वस्तूची गणना ‘संपलेल्या’ मालात होत नसे. वरून विचारणा होऊ लागली तेव्हा काही कर्मचाऱ्यांनी अशा वस्तूंची सोय बंद करून ठेवली. कागदावर मालाची उपलब्धता सुधारली, फळी रिकामीच राहिली. ज्यांनी हे केले त्यांना दोष देणे सोपे आहे. पण ज्या व्यवस्थेत खरी अडचण सांगण्यापेक्षा आकडा सजवणे सुरक्षित वाटते, ती व्यवस्था वरिष्ठांनी घडवलेली असते.

आणि मग गिऱ्हाईक. कॅनडाची बहुतेक वस्ती अमेरिकेच्या सीमेला लागून असल्यामुळे असंख्य कॅनेडियन लोक सीमा ओलांडून टार्गेटमध्ये खरेदी करत आले होते. कर्नाटकातल्या निपाणी-संकेश्वरची मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर येतात, त्यातलाच हा प्रकार. उद्या इथल्या दुकानाने निपाणीत शाखा काढली, तर ती मंडळी पहिल्या दिवशी मोठ्या हौसेने येतील, पण त्यांच्या डोक्यात कोल्हापूरचे भाव आणि कोल्हापूरची मांडणी पक्की असेल. आपल्याकडे निदान रुपया एक आहे आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटीही एक आहे. कॅनडात चलन वेगळे, वेष्टणावर इंग्रजीबरोबर फ्रेंच मजकूर बंधनकारक, पुरवठादार वेगळे, वाहतुकीची अंतरे प्रचंड. भाव अमेरिकेइतके उतरणे कठीणच होते. २०११ मध्ये अमेरिकी डॉलरच्या बरोबरीत असलेला कॅनेडियन डॉलर दुकाने बंद होताना ८५ सेंटच्या खाली गेला होता, म्हणजे आयात मालाची पडतळ, म्हणजे दुकानाला पडणारी किंमत, आणखी चढली. ओळखीचे गिऱ्हाईक मिळणे ही सोय वाटते, परंतु तेच सर्वांत कठोर परीक्षक असते, कारण तुलना त्याने आधीच करून ठेवलेली असते. वॉलमार्ट आणि कॉस्ट्को हे प्रतिस्पर्धी जवळच उघडे होते, त्यामुळे दोनदा निराश झालेला माणूस तिसऱ्यांदा आला नाही.

२०१३ या एका वर्षात कॅनडातील धंद्याचा तोटा सुमारे ९४ कोटी डॉलर झाला. मे २०१४ मध्ये मूळ कंपनीचे प्रमुख ग्रेग स्टाइनहाफेल पायउतार झाले आणि ऑगस्टमध्ये ब्रायन कॉर्नेल आले. त्यांनी नाताळचा हंगाम पाहिला, हिशेब मांडला आणि २०२१ पूर्वी नफा दिसणार नाही असे आढळल्यावर माघार घेतली. त्या माघारीचे मी समर्थनच करतो. शिवाय कामगारांच्या देण्यांसाठी कंपनीने ७ कोटी कॅनेडियन डॉलरचा स्वतंत्र निधी बाजूला काढला, हेही नोंदवले पाहिजे.

टार्गेटने आधी दहा-पंधरा दुकाने चालवून पाहायला हवी होती, असे आपण सहज म्हणतो. ही समज त्यांना नव्हती असे मी मानत नाही. पण पागडी मोजून झाल्यावर थांबण्याची मुभा त्यांनी स्वतःच गमावली होती. चुका दिसत होत्या, त्या दुरुस्त करायला सहा-आठ महिने हवे होते, आणि पुढच्या गाळ्यांच्या तारखा ठरून गेल्या होत्या. दुकाने बंद झाल्यावर त्यांतल्या काही जागा वॉलमार्ट, लोज आणि कॅनेडियन टायर या दुसऱ्या साखळ्यांनी घेतल्या. वॉलमार्टने १३ दुकानांच्या जागांबरोबर टार्गेटचे एक वितरण गोदामही घेतले.