नॉट फेअर म्हणजे काय जी सर?

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात इंग्रजी शिकवतो. आज बोलायचंय इंग्रजीच्या तासाला कातडीच्या रंगावरून होणाऱ्या भेदाबद्दल.

मागं सातवीला सांगितलं, स्वतःचं चित्र काढा अन् खाली इंग्रजीत एक वाक्य लिहा. एका पोट्टीनं स्वतःचं तोंड फिक्कं गुलाबी रंगवलं. म्हटलं, असं काऊन? तर म्हणे, सर, हाच तं स्किन कलर आहे. पोट्टे तिला रंगावरून चिडवत, मला माहीत होतं, मी कधी थांबवलं नाही, हे माझं चुकलंच. दुसऱ्या दिवशी लाल, पिवळा, निळा, पांढरा अशा बाटल्या नेल्या. काळी बाटली मुद्दाम नेली नाही. मनगटाशी कागद धरायचा अन् जुळेपर्यंत रंग मिसळायचे. अन् पाहा, सगळ्यात गोऱ्या पोट्ट्यालाही निळा लागला! रंग तेच, फक्त थेंब कमीजास्त. परत सांगतो, रंग तेच, थेंब कमीजास्त. मग आपल्या रंगाला इंग्रजीत नाव द्यायचं, लाइक जॅगरी म्हणजे गुळासारखा, लाइक तूर डाळ. त्या पोट्टीनं लिहिलं, लाइक अवर फील्ड आफ्टर रेन, म्हणजे पावसानंतरच्या आमच्या वावरासारखा. अन् वरून विचारलं, सर, फेअर म्हणजे गोरी, मंग खेळात नॉट फेअर म्हणते ते काय जी? मी डिक्शनरी पाहून सांगितलं, जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ नुसता सुंदर होता, गोरं हा अर्थ नंतर चिकटला. अन् खेळातलं नॉट फेअर म्हणजे हे न्यायाचं नाही.

हे गाइडमधून होत नाही बरं. गाइडमधला 'माय सेल्फ' हा निबंध उतरवून घेणं तं बंदच व्हायला पाहिजे, अन् सोयरीक पाहाले गेल्यावर पहिले पोरीचा रंग विचारणंही.

अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीच्या एका रंगखडूचं नावच फ्लेश होतं, म्हणजे कातडीचा रंग, अन् कातडी कोणाची तर गोऱ्यांची. १९६२ मध्ये ते बदलून पीच केलं. मोठ्या वर्गात मी बाकं मांडून बसगाडी तयार करतो, रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंची, अमेरिकेतलं माँटगोमेरी शहर, १९५५. गोऱ्या प्रवाशासाठी सीट सोडायला त्यांनी नकार दिला, अटक झाली, मग तिथल्या कृष्णवर्णीय लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. पोरं ड्रायव्हर, प्रवासी होऊन इंग्रजीत भांडतात, व्याकरण चुकलं तरी मी मधात टोकत नाही.

त्या पोट्टीचा कागद अजून फळ्याच्या बाजूला आहे. खाली तिनं माप लिहून ठेवलंय, लाल दोन थेंब, पिवळे दोन, निळा एक.