फज्वा रकमिया : अरब देशांतील संगणक केंद्रांची गोष्ट

(दृश्य : अरबी कळफलक, अगदी जवळून. एक तर्जनी अक्षर शोधत फिरते आहे.)

या कळफलकावर एकेका कळीला दोन-दोन अक्षरे आहेत, एक रोमन आणि एक अरबी. रोमन 'बी'ची कळ अरबी टंकनात दाबली, की 'लाम' आणि 'अलिफ' यांचे जोडाक्षर एकदम उमटते. त्याचा उच्चार 'ला' असा होतो आणि अर्थ 'नाही' असा. वाक्य उजवीकडून डावीकडे चालते. परंतु मध्येच एखादे वर्ष किंवा दूरध्वनी क्रमांक आला, की आकडे डावीकडून उजवीकडे धावू लागतात आणि कर्सर नेमका कुठे गेला हे नवशिक्याला उमगत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याने आयुष्यात प्रथमच संगणकाला हात लावला, त्याला ईमेलचा पत्ता लिहिण्यासाठी पुन्हा रोमन लिपीकडेच वळावे लागे. शेजारी कोणी समजावून सांगणारे नसेल, तर पहिल्या दहा मिनिटांतच माणूस उठून जाण्याची शक्यता अधिक.

संगणक आणि इंटरनेट ज्यांना मिळते आणि ज्यांना मिळत नाही, त्यांच्यातील अंतर म्हणजे डिजिटल दरी. तिला अरबीत 'अल-फज्वा अर-रकमिया' म्हणतात. 'फज्वा' म्हणजे फट किंवा भगदाड, आणि 'रकम' म्हणजे आकडा. आपली मराठी 'रक्कम' याच अरबी शब्दावरून आली आहे, आणि या दरीचा मोठा भाग रकमेचाच होता, हे ओघाने आलेच. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अरब मानव विकास अहवालानुसार, अरब प्रदेशात दर हजार लोकांमागे 18 संगणक होते. जागतिक सरासरी 78.3 होती. इंटरनेट वापरणाऱ्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या अवघे 1.6 टक्के होते. घरोघरी संगणक पोहोचण्याची वाट पाहिली असती, तर एक अख्खी पिढी हातची गेली असती. म्हणून अनेक सरकारांनी आणि संस्थांनी एकच उपाय निरनिराळ्या नावांनी करून पाहिला : वस्तीत एक खोली, तिच्यात काही संगणक, एक दूरध्वनी जोडणी आणि एक शिकवणारा.

(दृश्य : नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील शेते; कालव्याकाठचा रस्ता.)

इजिप्तचा शरकिया प्रांत नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पूर्वेला आहे आणि झगाझिग हे त्याचे मुख्य ठिकाण. गेल्या शतकाच्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने या शेतीप्रधान प्रांतात तीन सामुदायिक तंत्रज्ञान केंद्रे उभी राहिली. 1999 साली इजिप्तमध्ये दळणवळण व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय स्थापन झाले आणि ही कल्पना 'माहिती तंत्रज्ञान क्लब' या नावाने देशभर नेण्यात आली. व्यवस्था साधी होती. जागा स्थानिक युवक केंद्राने, शाळेने किंवा स्वयंसेवी संस्थेने द्यायची. संगणक, जोडणी आणि प्रशिक्षण मंत्रालयाने द्यायचे. आणि रोजचा खर्च माफक शुल्कातून भागवायचा. काही वर्षांत अशा क्लबांची संख्या हजाराच्या वर गेली. जानेवारी 2002 मध्ये देशात 'मोफत इंटरनेट' योजना सुरू झाली. तिच्यात वेगळी वर्गणी नव्हती. स्थानिक दूरध्वनीचे जे बिल होई, तेवढेच भरायचे आणि ते उत्पन्न दूरध्वनी कंपनी व इंटरनेट पुरवठादार यांनी वाटून घ्यायचे. 'मोफत' हा शब्द थोडा सैल वापरला होता खरा, पण मासिक वर्गणीचा अडसर त्यामुळे दूर झाला.

यंत्र आणणे हा या साऱ्या कामातला सर्वांत सोपा भाग होता, असे आता मागे वळून पाहताना म्हणावे लागते. संगणक एकदाच विकत घ्यावा लागतो. शिक्षकाचा पगार, छपाईची शाई आणि बिघडलेल्या मोडेमची दुरुस्ती मात्र दर महिन्याला समोर उभी राहते, आणि देणगीचा कालावधी संपला की नेमक्या याच गोष्टींना पैसा उरत नाही. शिवाय ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी संगणकाचा पडदा म्हणजे आणखी एक बंद पुस्तकच. इजिप्तमध्ये प्रौढ साक्षरतेचे धडे सीडीवर तयार करण्यात आले, ते हीच अडचण ओळखून.

(दृश्य : जॉर्डनमधील एका गावातील खोली. भिंतीलगत संगणकांची रांग, दाराशी नोंदवही.)

जॉर्डनमध्ये राजे अब्दुल्ला दुसरे यांच्या पुढाकाराने 2001 च्या सुमारास 'महत्तात अल-मारिफा', म्हणजे ज्ञानस्थानके, उघडू लागली आणि पुढे त्यांची संख्या दीडशेच्या वर गेली. त्याच वर्षी आपल्याकडे एमएस-सीआयटीचे वर्ग सुरू झाले होते. चपला दाराबाहेर काढून वातानुकूलित खोलीत अदबीने शिरलेल्या प्रेक्षकांना ही खोली परकी वाटणार नाही. ज्ञानस्थानकांची जागा मात्र विचारपूर्वक निवडलेली दिसते. ती नगरपालिकेच्या इमारतीत, युवक केंद्रात किंवा एखाद्या धर्मादाय संस्थेत असत. शहरातील इंटरनेट कॅफे हा बहुतांशी तरुण पुरुषांचा अड्डा होता; तिथे एकट्या मुलीने जाऊन बसणे अनेक कुटुंबांना मान्य होण्यासारखे नव्हते. नगरपालिकेच्या खोलीत, ओळखीच्या शिक्षिकेकडे, ठरलेल्या वेळी जाण्याला मात्र घरातून हरकत येण्याचे कारण कमी होते. केबलच्या लांबीइतकाच दाराचा पत्ताही महत्त्वाचा असतो, ही गोष्ट तांत्रिक आराखड्यांत क्वचितच लिहिलेली आढळते.

भाषेचा प्रश्न याहून चिवट होता. कुवेतमध्ये मुहम्मद अल-शारिख यांनी स्थापन केलेल्या सख्र कंपनीने 1980 च्या दशकातच अरबी संगणक बाजारात आणले होते आणि इजिप्तचे भाषातज्ज्ञ नबील अली यांनी तिथे अरबी भाषेच्या संगणकीय प्रक्रियेचा पाया घातला होता. तरीही केंद्रात येणाऱ्या मुलांच्या वाट्याला इंग्रजी किंवा फ्रेंच मजकुराचेच जाळे येत होते. मुलांनी आपला मार्ग शोधून काढला. रोमन लिपीत ज्यांना जागा नाही, अशा अरबी वर्णांसाठी त्यांनी दिसायला जवळचे आकडे वापरले : 'ऐन'साठी 3 आणि 'हा'साठी 7. व्याकरणाचे जाणकार नाराज झाले, पण गप्पा चालू राहिल्या. संकेतस्थळाचा संपूर्ण पत्ता अरबी लिपीत लिहिण्याची सोय इजिप्त, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातींना मे 2010 मध्ये मिळाली.

ट्युनिशियात 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून 'पब्लिनेट' नावाची सार्वजनिक केंद्रे सुरू झाली. ती खासगी चालकांची, पण सरकारी परवान्यावर चालणारी होती. माहिती समाजावरील जागतिक शिखर परिषदेचा दुसरा टप्पा नोव्हेंबर 2005 मध्ये ट्युनिसलाच भरला आणि डिजिटल दरी सांधण्याचे संकल्प तिथे संमत झाले. त्याच काळात त्या शहरातील पब्लिनेटमध्ये सरकारला नकोशी असलेली पाने उघडत नव्हती. पडद्यावर '404, पान सापडले नाही' एवढाच संदेश येई, आणि लोकांनी त्या अदृश्य सेन्सॉरचे 'अम्मार 404' असे बारसे करून टाकले होते. इजिप्तमध्ये तर 28 जानेवारी 2011 रोजी सरकारने जवळजवळ संपूर्ण देशाचे इंटरनेट बंद केले, ते 2 फेब्रुवारीला परत आले. ज्या राजवटीने क्लब उघडले, तिनेच कळ दाबली; त्यामुळे केंद्रांच्या यशापयशाचा हिशेब केवळ संगणक मोजून मांडता येत नाही.

(दृश्य : रस्त्यावरून चालणारी माणसे, प्रत्येकाच्या हातात मोबाइल.)

पुढे मोबाइल आला आणि या खोल्या ओस पडू लागल्या. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या 2024 च्या अंदाजानुसार अरब देशांतील सुमारे 70 टक्के लोक इंटरनेट वापरतात. आखाती देशांत जवळजवळ सर्वच जण जोडलेले आहेत, तर युद्धाने होरपळलेला येमेन कितीतरी मागे आहे. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्यावर जॉर्डनने 'दरसक' हे शिक्षणाचे व्यासपीठ सुरू केले, परंतु त्याबरोबर दूरचित्रवाणीवरूनही धडे प्रसारित करावे लागले. चार भावंडांत एकच फोन असेल, तर कोणाचा तास आधी, हा वाद घराघरांत होणारच होता.

(दृश्य : डोंगरउतारावर दाटीवाटीने उभी असलेली घरे.)

आता पुन्हा 1999 कडे वळू. पॅलेस्टाइनमधील बेथलेहेमजवळच्या दहैशे या निर्वासितांच्या छावणीत 'इब्दा' नावाचे सांस्कृतिक केंद्र आहे. बिरझैत विद्यापीठाच्या एका प्रकल्पातून तिथे संगणक कक्ष उघडला. तेथील मुले लेबनॉनची राजधानी बैरुतमधील शातिला छावणीतल्या मुलांशी ईमेलवरून बोलू लागली. दोन्हीकडे पॅलेस्टिनी निर्वासितांचीच नातवंडे होती आणि दोघांमध्ये अशी सीमा होती, जी ओलांडण्याची त्यांना मुभा नव्हती. मे 2000 मध्ये इस्रायली सैन्य दक्षिण लेबनॉनमधून माघारी गेले, तेव्हा सीमेवरच्या काटेरी कुंपणाच्या दोन्ही बाजूंना ताटातूट झालेली कुटुंबे जमू लागली. त्या गर्दीत ईमेलवर ओळख झालेली ही मुलेही होती. कुंपणातून हात घालून त्यांनी एकमेकांचे हात धरले. नावे विचारावी लागली, ती केवळ चेहऱ्यांना जोडण्यापुरती.